दुर्बीण, शिकार आणि माळ : मंद्रूप परिसराच्या आधारे एका साधनाचा व त्याच्या शब्दाचा इतिहास

१

शिकारीसाठी उत्तम आणि आटोपशीर दुर्बीण कशी निवडावी, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराच्या गल्ल्यापुढे सुटणारा आहे. इतिहासाच्या किंवा भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही आहे, हे प्रथमदर्शनी पटत नाही. तथापि कोणतेही साधन निवडताना माणूस जे निकष लावतो, ते त्या साधनाच्या अंगी असलेल्या गुणांइतकेच ते जेथे वापरावयाचे त्या भूमीने आणि ज्यासाठी वापरावयाचे त्या हेतूने ठरलेले असतात. हेतू बदलला की निकष बदलतात, आणि निकषांमागोमाग शब्दही बदलतात. प्रस्तुत निबंधात दुर्बीण या साधनाच्या व शब्दाच्या इतिहासाचा विचार या दृष्टीने करावयाचा असून, त्यासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपच्या आसपासचा प्रदेश आधारभूत धरला आहे.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. मंद्रूप हे सोलापुराहून विजयपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. सीना आणि भीमा या दोन नद्यांमधील पट्टा येथे निमुळता होत जातो, आणि पुढे हत्तरसंग-कुडल येथे दोन्ही नद्यांचा संगम होतो. मराठीच्या अभ्यासकांस हा संगम तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरील शके ९४० च्या, म्हणजे इ. स. १०१८ च्या शिलालेखामुळे परिचित आहे. भाषिकदृष्ट्या ही मराठी-कन्नडची सीमा, आणि भूरूपदृष्ट्या काळी जमीन व मुरमाड माळ यांची सरमिसळ होय. झाडी विरळ, पाऊस बेताचा व बेभरवशाचा, आणि क्षितिज मोकळे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या माणसाला क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरांवर दिसते, हे साधे गणित येथे ध्यानी ठेवावयास हवे. कोकणात किंवा मेळघाटात शिकार ही कानाची आणि वाटेची असते. झाडीतून सावज हाका घालून बाहेर काढावे लागते. सोलापूरच्या माळावर मात्र सावज आधीच उघड्यावर असते. त्याला शिकारी दिसण्यापूर्वी शिकाऱ्याला ते दिसले पाहिजे, एवढाच प्रश्न उरतो. येथील शिकार ही मूलतः दृष्टीची शिकार होती, आणि म्हणूनच दुर्बिणीचा प्रश्न येथे जितक्या स्पष्टपणे मांडता येतो तितका तो अरण्यप्रदेशात मांडता येत नाही.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘दुर्बीण’ हा फारसीतून आलेला सामासिक शब्द. ‘दूर’ हे पूर्वपद आणि पाहणे या अर्थाच्या ‘दीदन’ या क्रियापदाचे वर्तमानकाळी अंग ‘बीन’ हे उत्तरपद. दूरचे पाहणारे ते दूरबीन. याच घडणीचा ‘खुर्दबीन’, म्हणजे बारीक पाहणारे यंत्र, हा शब्द उर्दूत आहे, आणि ‘तमाशबीन’ हाही त्याच साच्यातला. मराठीने यांपैकी दुर्बीण मात्र पूर्णपणे आपलीशी केली. त्याची खूण दोन ठिकाणी दिसते. एक, अंत्य ‘न’ चा ‘ण’ झाला. फारसी-अरबी शब्दांबाबत मराठीत हा बदल सरसकट होत नाही. दुकान, मैदान, कमान, परवाना या शब्दांत ‘न’ टिकून आहे. निशाण, बहाणा आणि दुर्बीण यांत तो मूर्धन्य झाला आहे. दोन, शब्दाचे रूप मराठी स्त्रीलिंगी नामाप्रमाणे चालते : दुर्बीण, दुर्बिणी, दुर्बिणीने. उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होण्याचा मराठीचा नियम या पाहुण्या शब्दाने निमूटपणे पाळला आहे. पूर्वपद ‘दूर’ हे संस्कृतातही असल्याने हा शब्द कानाला परका वाटत नाही, आणि वास्तविक ते परके नाहीच. संस्कृत ‘दूर’ आणि फारसी ‘दूर’ ही एकाच इंडो-इराणी मूळ शब्दाची दोन अपत्ये आहेत. मंद्रूपच्या दुभाषिक परिसरात याच शब्दाचे ‘दुर्बीनु’ हे कन्नड रूपही कानी पडते. कन्नडने शेवटी स्वर जोडून तो आपल्या साच्यात बसवला, मराठीने व्यंजन बदलून. स्वीकार दोघींनी सारखाच केला.

अर्थाच्या बाबतीत मराठीने एक भेद केला नाही, तो येथे महत्त्वाचा आहे. एका डोळ्याने पाहावयाची लांब नळी आणि दोन डोळ्यांनी पाहावयाचे जोडयंत्र या दोहोंस मराठी बोलीत दुर्बीण हा एकच शब्द आहे. पाठ्यपुस्तकांनी ‘द्विनेत्री दुर्बीण’ असा शब्द घडवला, शिकारी आणि लष्करी मंडळींनी ‘बायनाक्युलर’ पत्करला. पण सामान्य बोलण्यात भेद झाला नाही तो नाहीच. आजच्या इराणात हाच शब्द छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यालाही लावतात, आणि आजच्या मराठीत रुग्णाच्या पोटात नळी घालून केलेली शस्त्रक्रिया ‘दुर्बिणीतून’ केलेली असते. दूरचे पाहणे या मूळ अर्थातील ‘दूर’ गळून ‘उघड्या डोळ्यांना न दिसणारे पाहणे’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला, हे अर्थविस्ताराचे उत्तम उदाहरण होय.

शिकारीच्या शब्दांची कथा याहून निराळी आहे. मराठीत या कृतीस दोन शब्द आहेत, आणि ते दोन समाजस्तरांतून आले आहेत. ‘शिकार’ हा फारसी शब्द दरबारी. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी जनावरे ठेवली ती जागा ‘शिकारखाना’ या नावाने ओळखली गेली. ‘पारध’ हा देशी. संस्कृत ‘पापर्द्धि’, प्राकृत ‘पारद्धि’ या मार्गाने तो मराठीत उतरला. त्याच्या मूळ शब्दातच पापाचा शिक्का आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘सावज’ हा ‘श्वापद’ या शब्दापासून निघालेला. ‘मृगया’ या शब्दाच्या मुळाशी शोधणे या अर्थाचा ‘मृग्’ हा धातू असून, ‘मार्ग’ हा शब्दही परंपरेने त्याच्याशीच जोडला जातो. त्या ‘मार्ग’ शब्दाचे मराठी रूप ‘माग’, आणि ‘माग काढणे’ ही पारध्याची मुख्य विद्या. म्हणजे देशी परंपरेत शिकारीचा गाभा मारणे हा नसून शोधणे हा आहे, असे शब्दच सांगतात. शोधण्याचे साधन म्हणून मात्र एका परंपरेने भूमीवरचा माग निवडला आणि दुसरीने भिंग निवडले. हा भेद पुढे केवळ तंत्राचा राहिला नाही.

३

आता साधनाचा इतिहास थोडक्यात पाहू. १६०८ मध्ये हॉलंडमधील चष्मे करणारा हान्स लिपर्शे याने दूरदर्शक नळीच्या एकाधिकारासाठी तेथील राज्यसभेकडे अर्ज केला. सभेने त्याच्याकडे प्रथमच जी मागणी केली ती दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशा यंत्राची होती. द्विनेत्री दुर्बिणीची कल्पना अशा रीतीने दुर्बिणीइतकीच जुनी आहे. तिची उत्तम घडण मात्र जवळजवळ तीनशे वर्षांनी झाली. विलंबाचे कारण प्रकाशशास्त्रीय होते. गॅलिलिओच्या पद्धतीच्या दुर्बिणीत प्रतिमा सुलटी दिसते, परंतु दृष्टिक्षेत्र अरुंद असते व वर्धन वाढविले की ते आणखीच आकसते. केप्लरने १६११ मध्ये मांडलेल्या पद्धतीत क्षेत्र रुंद, परंतु प्रतिमा उलटी. ती सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे घातली की नळी हातभर लांब होते. १९ व्या शतकातील लष्करी व शिकारी मंडळींपुढे त्यामुळे दोनच पर्याय होते : आटोपशीर पण तीन-चार पटींपलीकडे फारशी न जाणारी गॅलिलिओ पद्धतीची जोडदुर्बीण, किंवा टेकू देऊन वापरावयाची लांब नळी.

इटलीतील इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये यावर उपाय शोधला. दोन काटकोनी लोलकांत प्रकाश चार वेळा परावर्तित केला की प्रतिमा सुलटी होते आणि प्रकाशाचा मार्ग दुमडला गेल्याने नळीही आखूड होते. त्या काळच्या काचेत व कारागिरीत ही कल्पना पुरती उतरली नाही. जर्मनीतील येना येथे अर्न्स्ट आबे याने उत्तम काच हाताशी आल्यावर तीच योजना पुन्हा सिद्ध केली, आणि झाइस कंपनीच्या लोलकयुक्त जोडदुर्बिणी १८९४ मध्ये चार, सहा व आठ पट वर्धनात बाजारात आल्या. आज ‘आठ पट’ हा जो शिकारी व पक्षिनिरीक्षक यांचा रूढ आकडा आहे, तो अशा रीतीने पहिल्या पिढीपासूनच चालत आलेला आहे.

या कालपटावर दख्खनच्या माळावरील शिकारीचा इतिहास ठेवून पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मुंबई सरकारच्या सेवेत असताना कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची जी सूची १८३२ च्या सुमारास प्रसिद्ध केली, तिच्या काळात माळढोक येथे विपुल होता. एका साहेबाने एकट्याने सुमारे १,००० माळढोक मारल्याची नोंद साइक्स यांनीच करून ठेवली आहे. म्हणजे या पक्ष्याच्या संहाराचा मोठा भाग उत्तम दुर्बीण अस्तित्वात येण्यापूर्वीच होऊन गेला होता. त्यासाठी भिंग लागले नाही. उघड्या माळावर बैलगाडी ही नित्य दिसणारी वस्तू असल्याने माळढोक तिला बुजत नसे, आणि गाडीच्या आडोशाने त्याच्या टप्प्यात जाता येई. बैलाच्या किंवा गाईच्या आडून सावजाजवळ सरकण्याची हीच युक्ती पारध्यांतही होती. ‘गाय पारधी’ हे त्यांच्यातील एका गटाचे नाव तीवरूनच पडले. कोल्हापूरच्या संस्थानात काळविटांवर चित्ता सोडण्याची जी प्रथा होती, तीतही चित्त्याचे डोळे बांधून त्याला गाडीवरून नेत, आणि कळप नजरेच्या टप्प्यात आल्यावरच डोळ्यांवरचे झापड काढीत. या सर्व रीतींत अंतर कमी करणे हे तत्त्व समान आहे. दुर्बिणीने याउलट केले : तिने शिकाऱ्याला अंतर राखून पाहण्याची मुभा दिली. पुढे शिकार सोडून केवळ पाहणे संभवनीय झाले ते या मुभेमुळेच.

४

‘उत्तम आणि आटोपशीर’ या दोन विशेषणांत किती विरोध आहे, हे येथे तपासून पाहावयास हवे. कारण निवडीचा सगळा प्रश्न या विरोधातच आहे.

दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात. ८×४२ म्हणजे वर्धन आठ पट आणि पुढील भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो : ८×४२ मध्ये तो ५.२५ मिलिमीटर, ८×३२ मध्ये ४, ८×२५ मध्ये सुमारे ३.१, आणि १०×२५ मध्ये केवळ २.५. माणसाच्या डोळ्याची बाहुली रणरणत्या उन्हात दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत आकुंचित होते. अंधारात ती तरुणपणी सातपर्यंत, उतारवयात पाचच्या आसपास विस्फारते. यावरून निष्कर्ष सरळ निघतो. भर दुपारी खिशात मावणारी ८×२५ दुर्बीण आणि गळ्यात जड होणारी ८×४२ दुर्बीण यांच्या उजेडात डोळ्याला फारसा फरक जाणवू नये, कारण मोठ्या दुर्बिणीचा जादा प्रकाश बाहुलीत शिरतच नाही. परंतु पहाटे व संध्याकाळी, जेव्हा लांडगा बाहेर पडतो आणि काळवीट चरत असते, तेव्हा स्थिती पालटते. ४२ मिलिमीटरांचे भिंग २५ च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीन पट प्रकाश गोळा करते, आणि तो प्रकाश त्या वेळी डोळ्याला हवा असतो. शिकारीच्या जुन्या काळी मोठ्या भिंगाचा आग्रह होता तो या संधिकालासाठी होता. गोळी चालविण्यापूर्वी नर की मादी, हे अंधुक उजेडात ठरवावे लागे.

वर्धनाच्या बाबतीत माळ हा स्वतःच एक मर्यादा घालतो. दहा पटींची दुर्बीण हाताचा कंपही दहा पटींनी वाढविते. शिवाय फाल्गुनानंतर सोलापूरची जमीन तापली की तिच्यालगतच्या हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे होतात, त्यांतून येणारा प्रकाश सतत वाकतो, आणि दूरची वस्तू पाण्यात पाहिल्यासारखी थरथरते. यालाच आपण मृगजळ म्हणतो. मृगाला फसविणारे जळ शिकाऱ्यालाही फसविते, एवढी भर त्या शब्दात घालावयास हरकत नाही. दुर्बीण ही थरथरही वाढवून दाखविते. यास्तव वैशाखातील दुपारी या माळावर बारा पट दुर्बिणीतून आठ पटींपेक्षा अधिक काही दिसत नाही. दिसते ती फक्त मोठी झालेली अस्पष्टता. आठ पटींच्या दुर्बिणीतून ४०० मीटरांवरचा पक्षी ५० मीटरांवर असल्यासारखा दिसतो, आणि एक किलोमीटरावर साधारणतः १२० ते १४० मीटरांचा पट्टा एका दृष्टीत मावतो. उघड्या भूमीवर कळप शोधण्यास हे प्रमाण पुरेसे असते.

गुणवत्तेचा दुसरा भाग आकड्यांत लिहिलेला नसतो. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर मूळ प्रकाशाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग डोळ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच नष्ट होतो, आणि उरलेल्यात धुरकटपणा मिसळतो. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ मध्ये काचेवर परावर्तनरोधी पातळ थर चढविण्याची पद्धत शोधली. आज चांगल्या दुर्बिणीत असे अनेक थर असतात. आटोपशीरपणाची वाटही लोलकांतूनच गेली. पोरो पद्धतीत दोन नळ्या बाजूला फाकतात. छपराच्या आकाराच्या लोलकांत प्रकाश सरळ रेषेत राहतो, म्हणून यंत्र सडपातळ होते व दुमडून खिशात जाते. परंतु या लोलकाच्या दोन पाख्यांवरून येणाऱ्या प्रकाशलहरींत किंचित विसंवाद होऊन बारीक तपशील पुसट होतो. तो दोष दूर करणारा विशेष थर १९८८ मध्ये झाइसने वापरात आणला. खऱ्या अर्थाने उत्तम आणि त्याच वेळी आटोपशीर अशी दुर्बीण ही अशा रीतीने गेल्या चार दशकांचीच निर्मिती होय. त्यापूर्वीच्या शिकाऱ्याला दोहोंपैकी एकच निवडावे लागे.

या विवेचनातून निवडीचे जे निकष निष्पन्न होतात ते असे. उजेडाच्या चार-सहा तासांत पायी फिरावयाचे असेल तर ८×२५ पुरेशी होते. पहाटे-संध्याकाळीही पाहावयाचे असेल तर ८×३२ हा मध्यम मार्ग. एका जागी बसून संधिकालात पाहावयाचे असेल तर ८×४२ चे वजन सोसावे. दहा पट व लहान भिंग ही जोडी या प्रदेशात टाळावी. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रभिंगापासून डोळ्याचे अंतर किमान १५ मिलिमीटर राहते की नाही हे पाहावे. विजेचा खांब किंवा भिंतीची कड पाहिली असता दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. न बसल्यास नळ्यांची समांतरता बिघडली आहे असे समजावे. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे केली असता प्रकाशाची चकती पूर्ण गोल दिसावी. तिच्या कडा कापल्यासारख्या दिसल्या तर लोलक निकृष्ट काचेचे किंवा अपुऱ्या आकाराचे आहेत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसू नये. आणि ज्या मुलखात उन्हाळ्यात धूळ व पावसाळ्यात चिखल यांखेरीज तिसरे काही नाही, तेथे आतून नायट्रोजन भरलेले बंदिस्त यंत्रच टिकाव धरते.

५

परंतु ही निवड करणारा माणूस कोण, हा प्रश्न इतिहासाने विचारावयास हवा. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर बंदूक ही परवान्याची वस्तू झाली, आणि परवाना कोणास मिळे हे उघड आहे. बंदूक व दुर्बीण बाळगणारा साहेब, संस्थानिक किंवा सधन गृहस्थ ‘शिकार’ करी. फासे घेऊन हिंडणारा पारधी ‘पारध’ करी. पहिल्याचे नाव प्रवासवर्णनांत व नियतकालिकांत आले. दुसऱ्याचे पोलिसांच्या दप्तरात. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, आणि तो रद्द झाला १९५२ मध्ये. या कायद्याखाली सोलापूर शहरात कुंपणाआड जी वसाहत होती, तिचे ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या बोलण्यात अजूनही टिकून आहे. एकाच कृतीचे दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांच्या वाट्याला आलेली दोन दैवे. शब्दार्थांतील भेद कधीकधी किती महाग पडतो याचे याहून स्पष्ट उदाहरण या प्रदेशात सापडणार नाही.

संरक्षणाचे कायदे हळूहळू आले. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने काही जातींना ठराविक ऋतूंत अभय दिले. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. या दोन कायद्यांच्या दरम्यान आणि नंतरही जीपगाडी व बंदूक यांच्या जोडीने उघड्या माळावरील प्राण्यांची मोठी हानी केली. चित्ता तर १९५२ मध्ये देशातून नामशेष झाल्याचे घोषित झाले. अखेरीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आणि पारध हा भेद कायद्यापुरता तरी मिटविला : दोन्ही बंद झाल्या. शिकारीसाठी दुर्बीण निवडण्याचा प्रश्न आपल्याकडे त्या वर्षी संपला. दुर्बीण मात्र संपली नाही; तिचा धनी बदलला.

हा बदल सोलापूर जिल्ह्यात ठसठशीतपणे दिसतो. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले, आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापुरातच १९३२ मध्ये जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील सेवेत वन्यजीवनाची मराठी परिभाषा आयुष्यभर गोळा केली. २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. वनरक्षक, निरीक्षक आणि कोशकार या तिघांच्या गळ्यात आता तेच यंत्र होते जे पूर्वी शिकाऱ्याच्या गळ्यात असे.

६

नव्या हेतूने निवडीचे निकषही बदलले. शिकाऱ्याला एक जनावर स्पष्ट दिसले की पुरे असे. गणना करणाऱ्याला सगळी दिसावी लागतात, आणि एकच दोनदा मोजले जाऊ नये लागते. म्हणून वर्धनापेक्षा दृष्टिक्षेत्राला महत्त्व आले. माळढोकाचा नर मादीहून बराच मोठा, मान पांढरी, छातीवर काळा पट्टा; मादीत तो पट्टा अपुरा किंवा अस्पष्ट. अर्धा किलोमीटर अंतरावरून, उन्हाच्या झळांत हा भेद करावयाचा असतो. विपुलतेच्या काळी एखादी चूक झाली तरी बिघडत नसे. परंतु जगातील एकूण माळढोक आता दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि नान्नजच्या अलीकडील गणनांत आकडा एक-दोनवर आला आहे. अशा वेळी मादी दिसली की नर दिसला, की तोच पक्षी दोन ठिकाणांहून दिसला, यावर एका प्रदेशातील जातीचे भवितव्य ठरते. दुर्बिणीच्या काचेवरचा थर ही येथे चैनीची बाब राहत नाही.

याच ठिकाणी दृष्टीच्या दुसऱ्या एका मर्यादेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अभयारण्य प्रथम आखले गेले ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. त्यात गावे, शेते, रस्ते सर्व काही आले, आणि जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांनी शेतकरी आणि पक्षी यांच्यात वैर उभे राहिले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत कमी करण्यात आले. मधल्या काळात, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने जिल्ह्याचे रूप बदलले. माळाच्या जागी ऊस आला. नकाशावर रेषा आखणाऱ्याने माळ दुरून पाहिला होता. त्या माळावर राबणारा माणूस त्याच्या दृष्टिक्षेत्रात आला नव्हता. अरुंद क्षेत्र आणि मोठे वर्धन यांचा दोष केवळ यंत्रांतच असतो असे नाही.

निसर्गाचा विरोधाभास असा की माळढोकाच्या जातकुळीच्या पक्ष्यांना समोरचे नीट दिसत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने चहूकडून येणारा शत्रू त्यांना दिसतो, परंतु दोन्ही डोळ्यांची दृष्टी जेथे एकत्र येते तो समोरचा पट्टा अत्यंत अरुंद असतो. हजारो वर्षे मोकळ्या माळावर समोरून आदळण्याजोगे काही नव्हतेच. आता विजेच्या तारा आहेत, आणि त्यांवर आदळून होणारे मृत्यू हे या पक्ष्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण ठरले आहे. द्विनेत्री दृष्टी ज्याला निसर्गाने दिली आणि जिला त्याने काचेने आठपट केले, त्या माणसावर या पक्ष्याचे वाचणे अवलंबून आहे.

७

भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य यातून वेगळे निघते. माळढोक या नावात ‘माळ’ आणि करकोच्याच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यास लावला जाणारा ‘ढोक’ हे दोन शब्द आहेत. ‘हूम’ हे त्याचे दुसरे नाव नराच्या घुमणाऱ्या आवाजावरून पडले. ‘तणमोर’ हा असाच गवताळ प्रदेशाने घडविलेला शब्द. सीमेपलीकडची कन्नड काळविटाला ‘चिगरी’ म्हणते व शिकारीला ‘बेटे’. पारध्यांची बोली ग्रिअर्सनच्या भाषापाहणीने भिल्ली बोलींच्या वर्गात नोंदली, परंतु त्या बोलीत पाऊलखुणा, गवताची दिशा, आवाज, वारा यांसाठी असलेला शब्दसंग्रह सविस्तर गोळा व्हावयास हवा. दुर्बीण नसलेल्या माणसाने माळ कसा वाचला, याचा तो एकमेव लेख आहे. तो माळावर कोरलेला नाही, माणसांच्या तोंडी आहे. आणि पारध करणारी शेवटची पिढी आता वृद्ध झाली आहे.

मंद्रूप, हत्तरसंग-कुडल, अक्कलकोट या पट्ट्यात काळविटांचे कळप अद्याप दिसतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यास या भागात जाताना ध्वनिमुद्रकाबरोबर एक ८×३२ दुर्बीण बाळगावी, अशी शिफारस करण्यास हरकत नाही. शब्द सांगणारा वृद्ध माणूस बोट दाखवून ज्याला नाव देतो, ते जनावर आपल्याला त्याच क्षणी दिसले तरच त्या शब्दाचा अर्थ निश्चित होतो. न पाहिलेल्या वस्तूंची नावे कोशात पुष्कळ आहेत; पाहून घेतलेल्या नावांची उणीव आहे.